माईंच्या डब्यात साखर

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दुपारचा चहा स्वतःच्या हातचाच लागतो. साडेतीनला उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि ओट्याशी जाऊन उभं राहायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, त्याही हसल्या. चार दिवसांनी पुन्हा पडलं तेव्हा कोणी हसलं नाही. मग त्या साडेतीनला उठून पलंगावरच बसून राहायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "तू आलीस की टाक गं, मला काही घाई नाही."

मी ऑफिसातून घरी पोचते साडेसहाला. तीन तास एक बाई चहासाठी थांबते आणि घाई नाही म्हणते, हे मला फार लागलं. आणि त्यात माझा हात होता हे कळल्यावर जास्तच लागलं.

आईंचं वय 80. वयोमानाने होणारं मॅक्युलर डीजनरेशन आहे दोन्ही डोळ्यांना. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जो मधला भाग असतो, ज्याने आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तो झिजत जातो. कडेचं दिसत राहतं. आई स्वतः सांगतात ते जास्त नेमकं आहे: "तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात." त्यामुळे त्या घरात कुठे धडपडत नाहीत, दार, खुर्ची, पलंग सगळं त्यांना कळतं. पण ज्याच्याकडे रोखून बघतील तेच नाहीसं होतं. आणि मीठ की साखर हे बघायला रोखूनच बघावं लागतं.

आता माझा हात कुठे होता ते सांगते. 2023 मध्ये, इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, आम्ही रामबागेतलं जुनं घर सोडून सुदामानगरच्या फ्लॅटमध्ये आलो. नवीन किचन, पांढरा ओटा, पांढरी कपाटं. मला वाटलं, आता तरी सगळं एकसारखं दिसू दे. मी पारदर्शक प्लास्टिकच्या 24 बरण्यांचा सेट आणला. गुलाबी झाकणं, सगळ्या एका मापाच्या, एकावर एक बसणाऱ्या. आणि जुने डबे काढून टाकले. आमच्या इंदुरी बोलीत भंगाराला अटाला म्हणतात, तो घेऊन जाणारा अटालेवाला. त्याला मी सात डबे दिले. वजन करून पैसे घेतले, आणि घर कसं मोकळं झालं म्हणून रात्री छान झोपले. आमचं शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत होतं, कचरा वेगवेगळा करायची इथल्या घरांना सवयच लागली आहे. नको ते वेळच्या वेळी बाहेर काढणं हा मला गुणच वाटत होता. पण काय नको आहे, हे मी एकटीने ठरवलं होतं.

पारदर्शक बरणीचा गुण कोणता, तर आतलं दिसतं. हा गुण डोळे असणाऱ्याला. आईंच्या हाताला त्या 24 बरण्या म्हणजे एकच बरणी 24 वेळा. वर साखर, मीठ, रवा, तांदळाची पिठी, खाण्याचा सोडा सगळं पांढरं, मागे भिंत पांढरी, खाली ओटा पांढरा. त्यात त्यांनी काय शोधायचं?

डोळ्यांच्या दवाखान्यात एक समुपदेशक मुलगी आहे. कमी दिसणाऱ्यांना घरात कसं वावरायचं ते ती शिकवते. तिने मला विचारलं, "आजी पूर्वी डबे कशा ओळखायच्या?" मला उत्तर येईना. पंचवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढून मला ते ठाऊक नव्हतं. घरी येऊन आईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ओळखायचं काय त्यात? माईंच्या डब्यात साखर. वन्संच्या डब्यात तूरडाळ. बँकेवाल्या काकूंच्या डब्यात पोहे. मिठाची बरणी, कानाला टवका गेलेली."

डब्यात काय आहे यावरून नाही, डबा कोणी दिला यावरून ओळख. आणि ती ओळख बोटात होती, कारण त्या काळच्या स्टीलच्या डब्यांवर नाव घातलेलं असायचं. आमच्या घरची भांडी राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातली. दुकानातच एक माणूस बसायचा, छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढायचा. आताच्या मशीनने घातलेलं नाव चकचकतं, पण बोटाला लागत नाही. ते छिन्नीचे ठिपके खोल असतात.

मी धाकट्या दिरांना फोन केला. जुन्या घराच्या जिन्याखाली चार डबे उरले होते, खिळे, स्क्रू, जुनी कुलपं भरलेले. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तिकडे गेले. त्या चारांत माईंचा डबा होता. आईंच्या मोठ्या बहिणीने लग्नात दिलेला, दोन किलो साखर मावेल एवढा, झाकणाला मधोमध एक पोचा आलेला. दिरांनी खिळे वर्तमानपत्रावर ओतून दिले. घरी आणून चिंच लावून घासला, गरम पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला आणि न बोलता आईंच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी झाकण नाही उघडलं. डावा हात बुडाखाली धरला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कडेवरून फिरवत आणलं, आपण पंचांगात तिथी शोधताना फिरवतो तसं, हळू. एके ठिकाणी बोट थांबलं, परत मागे गेलं. मग पुढे. ओठ हलत होते. "चि. सौ. कां.," त्या म्हणाल्या, आणि पुढे आपलं माहेरचं नाव पूर्ण वाचलं, आणि मग आकडे, "एकोणीसशे सदुसष्ट." डोळे खिडकीकडे होते. वर्षभरात त्यांना काही वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बाकीचे सात डबे परत येणार नव्हते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग मी घरात दुसरं काय आहे ते बघायला लागले, आणि या वेळी बघायचं म्हणजे हात लावून. डोळे मिटून आमच्याच घरातल्या वस्तू चाचपत मी एक अख्खा रविवार काढला. प्रत्येक वस्तूला स्वतःचा असा स्पर्श असतो, आपण फक्त तिथवर जात नाही. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, उभार नक्षीचा. त्यात चहापत्ती गेली. कॉफीची चौकोनी खांद्यांची काचेची बाटली, तिच्यात वेलची. मधाची षट्कोनी बाटली. तिच्यात जिरावण मसाला, कारण आमच्याकडे पोह्यांवर ते नसेल तर पोहे झालेच नाहीत. मिठाला तीच टवका गेलेली चिनी मातीची बरणी. ती मी देवघराखाली वाती ठेवायला घेतली होती, ती परत ओट्यावर आली. मीठ तसंही पत्र्याच्या डब्यात ठेवू नये, ओल धरतं आणि डबा गंजतो. जुन्या बायकांनी मिठाला चिनी मातीच का दिली होती, हे मला या निमित्ताने नव्याने पटलं.

काचेच्या बाटल्यांबद्दल एक सांगते, कारण मला यात दोनदा चूक झाली. लेबल काढायला बाटली कोमट साबणपाण्यात तासभर ठेवायची, कागद निघतो, डिंक राहतो. त्या डिंकावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून चोळायचा, पाच मिनिटांत साफ. लोणच्याच्या बाटलीचा वास मात्र काचेत नसतो, झाकणाच्या आतल्या रबरी चकतीत असतो. कितीही धुवा, जात नाही. ते झाकण टाका आणि दुसरं बसवा, नाहीतर वेलचीला कैरीचा वास येतो. आमच्या वेलचीला आला होता.

काच ओल्या हातातून निसटते, ही भीती होती. आधी मी रबरबँड लावले, एकीला एक, दुसरीला दोन असे. इंदूरच्या मे महिन्यात ते वितळून काचेला चिकटले आणि तुटले. मग एक चांगली गोष्ट सुचली. जुन्या मोज्यांचा वरचा भाग, घोट्यावर घट्ट बसतो तो, चार बोटं रुंद कापायचा आणि बाटलीच्या पोटावर चढवायचा. हात घसरत नाही, टेकवताना आवाज होत नाही, आणि मोजा आडव्या विणीचा, उभ्या विणीचा की साधा यावरून आत काय आहे तेही कळतं. मुलीच्या शाळेच्या मोज्यांची एक पूर्ण पिशवी मी का जपून ठेवली होती कोण जाणे, पण ती कामाला आली.

त्या समुपदेशक मुलीने दुसरी गोष्ट शिकवली होती, ती रंगाची. मधलं दिसत नसलं तरी गडदावर फिकं आणि फिक्यावर गडद असं असेल तर आईंना बरंच कळतं. चमच्यांचा ड्रॉवर आतून पांढरा, चमचे चकचकीत, दोन्ही एकमेकांत मिसळून जायचे. ह्यांची एक निळी पँट गुडघ्यावर फाटली होती, तिचं कापड ड्रॉवरच्या तळाला अंथरलं. आता चमचा नुसता उठून दिसतो. पांढऱ्या ओट्यावर एका कोपऱ्यात जुना सागवानी पाट ठेवला आहे, ज्यावर बसून आमच्या घरातली तीन पिढ्यांची केळवणं झाली. तो पाट म्हणजे आता आईंच्या चहाची जागा. माईंचा डबा, चहापत्ती, आल्याची किसणी, पातेलं, गाळणं, पांढरे कप, जे लागतं ते त्या गडद लाकडावर, आणि दुसरं काही नाही. पाटाच्या कडेबाहेर हात गेला की त्यांना कळतं, इथून आपलं नाही.

चहा गॅसवर नाही करायचा, हे त्यांनी बरीच कुरकुर करून मान्य केलं. इंडक्शन आहे. पण त्याची बटणं सपाट, बोटाला काही लागत नाही. नेलपॉलिशचा एक थेंब, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा, असा मी चालू-बंदच्या बटणावर बारीक फोड आल्यासारखा उंचवटा केला. कमी-जास्तच्या बटणांना नाही केला. त्यांना ती लागत नाहीत.

स्वयंपाकघर मार्गी लागलं तशा बाकीच्या खोल्या सोप्या झाल्या. साड्यांचं म्हणाल तर मोठी अडचण ब्लाउजची होती. साडी सापडायची, तिचा ब्लाउज दुसऱ्याच गठ्ठ्यात. जुने अभ्रे घेतले. एका अभ्र्यात एक साडी, तिचाच ब्लाउज, तिचाच परकर. अभ्र्याच्या कोपऱ्यात बटण शिवलं, एक म्हणजे सुती, दोन म्हणजे रेशमी, तीन म्हणजे माहेश्वरी. माहेश्वरीला वेगळा मान, कारण अहिल्याबाईंच्या महेश्वरचं कापड आहे आणि आईंना त्याचा अभिमान आहे. आता गणपतीत आरतीला जाताना त्या स्वतः अभ्रा काढून आणतात. बांगड्या एका जुन्या लाटण्यावर ओवून ठेवल्या आहेत, लाटणं दोन खिळ्यांवर आडवं. त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की काचेच्या एकीकडे आणि सोन्याच्या मुलाम्याच्या दुसरीकडे.

पलंगाशेजारच्या भिंतीवर मी खिशांचा पडदा केला. जाड चादरीचा एक पट्टा, त्यावर घरातल्या फाटक्या कपड्यांचे खिसे उसवून शिवले: जीन्सचा, कॉर्डुरॉयचा, शाळेच्या शर्टाचा, आणि एक खिसा मी जुन्या पैठणीच्या काठाचा शिवला. जीन्समध्ये टॉर्च, कॉर्डुरॉयमध्ये फोन, शर्टाच्या खिशात रुमाल, जरीच्या खिशात जपमाळ. खिसा शिवताना खालची शिवण दुहेरी घालावी, टॉर्चच्या वजनाने माझी एकेरी शिवण आठ दिवसांत सुटली होती.

सगळ्यात जास्त विचार गोळ्यांचा करावा लागला. सकाळच्या तीन गोळ्या, घेतल्या की नाही हे आठवत नाही, पाकिटावरचं वाचता येत नाही. बाजारात वारांचे कप्पे असलेले डबे मिळतात, पण त्यांची झाकणं नखाने उघडायची, ती आईंच्या संधिवाताच्या बोटांनी उघडेनात. आणि मला आमचा जुना मिसळणाचा डबा दिसला. सात वाट्या. आठवड्याचे वार सात. मधली वाटी रविवार. बाहेरच्या सहांपैकी एकीला पोचा आहे, ती सोमवार, आणि तिथून उजवीकडे एकेक वार. हळदीचा वास आणि रंग घालवायला वाट्या दोनदा सोड्याच्या पाण्यात उकळल्या, दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या. वाटी फिरून जागा बदलू नये म्हणून तळाला जाड कापड बसवलं. गोळ्या भरण्याआधी औषधाच्या दुकानात विचारून घेतलं, कोणती गोळी पाकिटाबाहेर काढलेली चालते. एक चालत नव्हती, हवेतल्या दमटपणाने बिघडते. ती रोज मीच हातात देते. पाकीट कात्रीने कापून एकेक तुकडा ठेवणं मुद्दाम टाळलं. ज्याला दिसत नाही तो माणूस गोळी पाकिटाच्या टोकदार कडांसकट गिळू शकतो, आणि अन्ननलिकेला जखम होते. आठवड्यापुरतंच भरते, रविवारी रात्री. आई शेजारी बसून प्रत्येक वाटीत बोट घालून मोजतात, एक, दोन, आणि मला म्हणतात, "गुरुवारात एकच आहे गं." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

काही वस्तू मी परत वापरल्या नाहीत आणि वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. रंगाचे, कीटकनाशकाचे डबे कितीही धुतले तरी खाण्याच्या वस्तूला नाही. पितळेच्या डब्याला आतून कल्हई नसेल तर त्यात लोणचं, चिंच, कोकम नाही. आंबट लागलं की धातू सुटतो. आणि फिनेल, ऍसिड, रॉकेल यातलं काहीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही. हे आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत सर्रास करतात, माझ्याही घरात न्हाणीघरात एक अशी बाटली होती. ज्या हाताला "ही बाटली म्हणजे सरबत" असं माहीत आहे, तो हात अंधारात तीच उघडेल. मी ती त्याच दिवशी काढली.

माझ्या वन्सं दिवाळीला आल्या तेव्हा एक प्रसंग झाला. त्या प्रेमानेच सकाळी लवकर उठल्या आणि ओटा आवरून ठेवला. चहापत्ती वरच्या फळीवर गेली, माईंचा डबा डाळींच्या ओळीत. दुपारी आई पाटापाशी गेल्या, हात फिरवला, परत फिरवला, आणि गप्प उभ्या राहिल्या. मी वन्संना बाजूला घेऊन सांगितलं की डबा चार बोटं सरकला तरी तो त्यांच्यासाठी हरवतो. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघींनी मिळून सगळं होतं तिथे ठेवलं, आणि वन्संनी पाटावर प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती खडूने रेघ मारली. ती रेघ पुसली गेली तेव्हा ह्यांनी त्याच रेघांवर पटाशीने बारीक खाच पाडली. आता डब्याचं बूड त्या खाचेत बसलं की बारीक टक् होतं. आई तो आवाज ऐकतात आणि मगच हात काढतात.

त्या 24 बरण्या मी टाकल्या नाहीत. त्यातल्या नऊ ह्यांच्या खिळे-स्क्रूंना गेल्या, तिथे आतलं दिसणं कामाचं आहे. काही शेजारच्या भाभींनी नेल्या, उरलेल्या मुलीच्या जुन्या मण्यांना आणि लोकरीला.

गेल्या गुरुवारी ऑफिसात ऑडिट होतं, मला घरी यायला आठ वाजले. वाटेत डोक्यात एकच होतं, की आईंचा चहा राहिला असेल. दार उघडून सरळ स्वयंपाकघरात गेले. पाटावर माईंचा डबा आपल्या खाचेत होता. सिंकशेजारी कप धुऊन पालथे घातले होते, दोन. आतून आईंचा आवाज आला, "भाभी आल्या होत्या चार वाजता. त्यांनाही दिला."